कायमची ये

“खोली सोडताय की नाही, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा बाई,” घरमालकीण दारातूनच म्हणाली. “नवं जोडपं खोलीसाठी माझ्या डोक्यावर बसलंय, आणि तुमचं आपलं वर्षभर ‘बघू, बघू’ चाललंय.”

“संध्याकाळी नक्की सांगते,” असं म्हणून तिनं कुलूप लावलं आणि कामाला निघाली.

मुलगा नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, त्याला चार वर्षं झाली होती. दर रविवारी त्याचा फोन यायचा. “आई, कायमची ये ना इकडे. काय ठेवलंय तिथं?” ती म्हणायची, “बघू रे.” मग तो गुडघ्यांची चौकशी करायचा, ती सुनेची करायची. फोन संपला की खोली पुन्हा तोंड मिटून बसायची.

वर्षातून एकदा तो यायचा. दोन दिवस गाडीत काढून यायचा बिचारा, पण अंगावरच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नसायची. “सून गुणाची आहे,” ती शेजारणीला कौतुकानं सांगायची. “इस्त्री करून द्यावी तर तिनंच.”

काय ठेवलंय तिथं? खरंच, होतं काय? एक खोली, समोरच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी, आणि एकटीसाठी केली तरी तीन वेळा ताटात भेटणारी तीच ती भाजी. माणूस भाजीला कंटाळतं, पण हल्ली तिला वाटायचं, भाजीच आपल्याला कंटाळली असेल.

आणि एक नोकरी होती. ती मात्र तिनं मुलापासून लपवली होती. “आता निवांत बस,” असं बजावून तो गेला होता. ती बसलीही. पण निवांतपणा अंगावर यायला लागला, तेव्हा शहराच्या वीज कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायच्या कामाला लागली. मुलाला कळलं असतं तर म्हणाला असता, या वयात आईला राबवतो म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतील. म्हणून त्याला सांगितलं होतं, दुपारी मी झोपते, फोन उचलत नाही.

ऑफिसात तिला वेगळा आवाज काढायला शिकवलं होतं. नाव सांगायचं नाही, ‘हं’ म्हणायचं नाही, ‘बाळा’ तर मुळीच नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईचा घसा कायम बसलेला असायचा. तिला सगळे घोगरी म्हणत. घोगरी म्हणायची, “ताई, तू फोनवर बोललीस की वाटतं, इस्पितळातलं कपाट बोलतंय.”

आज जेवणाच्या सुट्टीत तिनं घोगरीपुढे विषय काढला.

“जाऊ का गं?”

“जा की. सुनेच्या राज्यात कांदे चिरत बस.”

“चिरीन. चार माणसांचे तरी असतील.”

घोगरी हसली नाही. तिनं आपल्या डब्यातला अर्धा पराठा उचलून हिच्या डब्यात ठेवला. “इथं आजारी पडलीस तर शेजारीण दोन दिवसांनी दार ठोठावेल. तिथं निदान कोणी खोकला तरी ऐकेल. जा ताई.”

ती जिन्यात गेली. भिंतीला टेकली आणि मुलाला फोन लावला.

“आई? दुपारी फोन कसा काय? बरी आहेस ना?”

“बरी आहे. मी येते तुझ्याकडे. कायमची.”

 

“अगं, असं अचानक…” तो अडखळला.

“अचानक काय? चार वर्षं जीव खातोयस माझा.”

“हो गं, बोलावतोयच. पण इकडे आता थंडी पडलीय. तुझे गुडघे धरतील.”

“गुडघ्यांना स्वेटर घालीन.”

तो हसला. “हिच्याशी बोलतो आणि रात्री फोन करतो. घाई करू नकोस. खोली लगेच सोडू नकोस हं.”

तिचे डोळे भरून आले. लहानपणीही असंच होतं त्याचं. आनंद झाला की शब्द फुटायचे नाहीत. तिनं तिथूनच घरमालकिणीला फोन केला. “द्या खोली त्या जोडप्याला. पोर वाट बघतंय माझी.”

“आत्ताच किल्लीचं बोलते त्यांच्याशी,” घरमालकीण म्हणाली. “सुटलात हो तुम्ही!”

ती टेबलावर परत आली तेव्हा सगळे फोन एकदम कोकलत होते. पुलापलीकडच्या वस्तीतला ट्रान्सफॉर्मर उडाला होता. सकाळपासून उकाडा असा की पेन हातातून निसटत होतं.

“ये, लग्नघर,” घोगरी फोनवर हात ठेवून म्हणाली. “तोंड बघ कसं फुललंय!”

तिनं एक तक्रार घेतली, दुसरी घेतली. एक आजोबा शिव्या देत होते, तेही तिला गोड वाटले. तिनं पुढचा फोन उचलला.

“अहो मॅडम, अर्धा तास झाला लाईट जाऊन. उकाड्यानं जीव चाललाय इथं!”

तिचा हात टेबलावर होता तसाच राहिला.

“पत्ता सांगा,” ती ऑफिसच्या आवाजात म्हणाली.

“पूल उतरला की डावीकडे. गोदामामागची पिवळी इमारत, दुसरा मजला.”

“आपण तिथं पाहुणे म्हणून आला आहात का?” हा प्रश्न विचारायचा नियम नव्हता.

“पाहुणा कसला, मॅडम? चार वर्षं इथंच राहतोय,” तिचा मुलगा म्हणाला.