कुणाला सांगितलं?

"‘से’ला समोर माणूस नसला तरी चालतं, आई. ‘टेल’ला लागतोच." दहावीतली तेजश्री चुलीपुढं पुस्तक घेऊन बसली होती. परवा केजला इंग्रजीचा पेपर द्यायचा होता. "‘शी सेड’ म्हणलं की झालं, ती बोलली. पण ‘शी टोल्ड’ म्हणून सोडून देता येत न्हाई. कुणाला सांगितलं, ते पुढं यायलाच पाहिजे."

वनमालाबाई भाकरी थापत होत्या. त्या गावच्या सरपंच, म्हणजे मतमोजणीपुरत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली म्हणून त्यांना उभं केलं, त्या निवडून आल्या आणि खुर्चीत बसले यजमान, सुंदरराव. आयत्या बिळावर नागोबा. गावही त्यांनाच सरपंच म्हणायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

आज ग्रामसभा होती. सुंदरराव आरशापुढं टोपी नीट करत होते.

"सरकारी बोअर आपल्या मळ्याजवळ घ्यायचा ठरलाय," ते म्हणाले.

"वस्तीवर घ्या म्हणलं व्हतं मी. केशरबाई या वयात कुठून कुठून घागर आणती."

"बरं बरं," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

ते गेले तशी तेजश्री पुस्तकात बघतच म्हणाली, "हे ‘से’ झालं."

वनमालाबाईंना राग आला. लेकीचा नाही. त्यांनी पिठाचे हात धुतले, पदर खोचला आणि "तव्यावरची उलट," एवढं सांगून मळ्यातून पाराकडं जाणारी जवळची वाट धरली.

पारापाशी माणसं जमली होती. वस्तीवरच्या बायका नेहमीसारख्या मागं, सतरंजीच्या टोकाला. रामराम घेत घेत सुंदरराव खुर्चीपर्यंत पोचले, तर खुर्चीत वनमालाबाई.

"बोअर वस्तीवर घ्यायचा," त्या म्हणाल्या. "ठराव लिवा."

ग्रामसेवकानं सवयीनं सुंदररावांकडं पाहिलं.

"तिकडं काय बघता? मी तुमाला सांगायले."

मागच्या बायकांचे हात कुणी विचारायच्या आधीच वर गेले होते. पुढचेही काही गेले. ग्रामसेवकानं मान खाली घातली आणि लिहायला घेतलं.

सुंदरराव मधोमध उभेच होते. दुसरी खुर्ची आणायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी म्हातारी केशरबाई सतरंजीवर जरा सरकली आणि तिनं हातानं जागा झाडून दिली.