सरांची लाट

तोंडी परीक्षेच्या सकाळी सरांनी तिला प्रयोगशाळेच्या दारातच गाठलं. “हे बघ, परीक्षक आलेत. स्क्रीनवर सर्किटची लाट दाखव, आभार मान, पीएचडी घे, मोकळी हो. ट्यूबलाइटला हात लावायचा नाही.” त्या लाटेवरच्या शोधनिबंधामुळे सर विभागप्रमुख झाले होते आणि तिची चार वर्षं त्याच लाटेमागे गेली होती. गेल्या आठवड्यात भरदुपारी दिवा कशाला म्हणून तिने ट्यूब बंद केली आणि लाटच गायब झाली. सर्किट काहीच देत नव्हतं. एक उघडी वायर फक्त ट्यूबचा विजेचा गोंगाट पकडत होती. परीक्षक स्क्रीनपाशी वाकले. “सुरेख लाट. याचं श्रेय कोणाला द्यायचं?” सरांनी घसा खाकरला. ती उठून भिंतीवरच्या ट्यूबच्या बटणाकडे निघाली. “डिग्री घालवून बसशील,” सर पुटपुटले. “बसेन की,” ती म्हणाली, “पण श्रेय ज्याचं त्याला देऊन.” तिने बटण दाबलं.