सगुणा कुठवर पोचली

“सगुणा आता कुठवर पोचली, भाऊ?”

बैलांच्या रेंगीतून उतरून पाय जमिनीला लागतात न लागतात तोच म्हातारीनं विचारलं आणि गुणवंतराव बुचकळ्यात पडले. चांद्याहून निघणाऱ्या ‘वैनतीर’ साप्ताहिकाचे ते मालक आणि संपादक. माणूस मिळाला नाही तर छापखान्यात खिळे जुळवायलाही तेच. त्यात क्रमशः आलेली ‘सगुणा’ ही कादंबरीही त्यांचीच, आणि त्या सगुणेला तर त्यांनी दिवाळीच्या अंकातच तळ्यात बुडवून कादंबरी संपवली होती. आता होळी आली होती.

वर्गणीदार वाढले नाहीत तर पाडव्याला छापखान्याला कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. म्हणून गुणवंतराव गावोगाव फिरत होते. सिंदेवाहीच्या पुढचं हे तळ्याकाठचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव शेवटचं. मागच्या सगळ्या गावांनी चहा पाजला, हार घातले आणि वर्गणीचं नाव काढताच आभाळाकडे पाहिलं.

“अंक एकच बरा, भाऊ,” गावातला जाणता मनसाराम म्हणाला. “वाचता एकट्या कुंताले येते. दुसरा घेऊन का आढ्याले टांगाचा?”

“मग शिका की वाचायला!”

“शिकलो तं जो तो आपल्या घरी बसून वाचन. मंग इथी वट्यावर आयकाले कोन येईन?”

आपण आजवर लष्कराच्या भाकऱ्या भाजत आलो, असं गुणवंतरावांना वाटलं, आणि त्यांनी पाणी मागितलं.

पाणी घेऊन आली ती कुंता, मघाच्या त्या म्हातारीची, गुणाबाईची सून. गुणवंतरावांनी तिलाच विचारलं, “दिवाळीचा अंक पोचला नाही का इथं?”

“पोचला.”

“मग सगुणा मेली, हे वाचलं नाहीस?”

कुंतानं मागं वळून पाहिलं. “हळू बोला, भाऊ. इथी थे जित्ती हाय. तळ्यातून निघाली न् माहेरच्या वाटेनं चालून राह्यली.”

गुणवंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते मरण लिहिताना ते स्वतः ढसाढसा रडले होते. नागपूरच्या जाणत्या मंडळींनी त्या प्रकरणाची वाखाणणी केली होती. आणि इथं चौथी शिकलेली एक बाई दर आठवड्याला आपल्या पदरचं घुसडत होती!

“कुणाला विचारून? लिहिणारा मी! माझ्या कादंबरीचा जीव घेतलास तू.”

“जीव तं तुमी घेतला, भाऊ. मी काहाले घेऊ?” कुंताचा आवाज चढला नाही. “माही ननंद याच तळ्यात गेली. तवापासून सासू घराभाईर निघत नव्हती. तुमची गोष्ट सुरू झाली तवा पयल्यांदा वट्यावर येऊन बसली. तिच्यापुढं थे मरन मी कसं वाचू?”

गुणवंतरावांपाशी याला उत्तर होतं. लेखकाच्या हक्कावर त्यांनी दोन खणखणीत अग्रलेख लिहिले होते. पण तोवर ओटा भरला होता, आणि मनसाराम सगळ्यांना सांगत होता, “आज खुद्द लिहनाऱ्याच्या तोंडून आयकू!”

ठीक आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. मेली ती मेली. आज खरं काय ते कळू दे सगळ्यांना. त्यांनी पिशवीतून ताजा अंक काढला. सगुणेच्या जागी आता बांबूच्या लिलावाची जाहिरात होती. गुणाबाई विणायचं जाळं बाजूला सारून अगदी पुढं येऊन बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

‘मेली’ हे तिच्या तोंडावर त्यांना म्हणवेना.

“सगुणा,” गुणवंतराव म्हणाले, “सगुणा वैनगंगेपाशी आली.”

“मंग?”

मग काय? त्यांना काही सुचेना. नदीला पाणी किती, पलीकडे नेणारा डोंगा कुणाचा, काही म्हणजे काही दिसेना. दिसत होते ते लिलावाचे नियम. एवढी कादंबरी लिहिणारा माणूस, पण हातात पेन नाही आणि समोर म्हातारी बसलेली, म्हटल्यावर त्याची पार बोबडी वळली. स्वतःचीच चीड आली त्यांना.

“चष्मा राहिला घरी,” ते म्हणाले आणि अंक कुंताकडे दिला.

कुंतानं जाहिरातीवर बोट ठेवलं आणि घडाघडा वाचू लागली. नावाडी सगुणेच्या बापाच्या ओळखीचा निघाला. त्यानं उतराईचे पैसे घेतले नाहीत. पलीकडच्या काठावर बाया मोहफुलं वेचत होत्या, त्यातल्या एकीनं तिला हाक मारली. कुणी मारली हाक? गुणवंतरावांना एकदम जाणून घ्यावंसं वाटलं. पण कुंतानं तिथंच अंक मिटला, आणि ते मनातल्या मनात चरफडले.

“भाऊ, तुमी लय अडखळता,” गुणाबाई उठताना मायेनं म्हणाली. “वाचाले आमची कुंताच बरी.”

वर्गणीदार एकही वाढला नाही. रेंगी जुंपली तेव्हा कुंता वाटेसाठी भाकरी घेऊन आली. तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. गुणवंतरावांनी सांगून टाकलं, “पाडव्यापासून ‘वैनतीर’ बंद.”

वाटलं, आता तरी ही बाई हळहळेल.

कुंतानं भाकरीचं गाठोडं रेंगीत ठेवलं. मग म्हणाली, “मंग छापखान्यातल्या रद्दीचा एक गठ्ठा धाडून देजा, भाऊ. कशाचा बी चालन. घरचे अंक सासूनं जपून ठेवले हायेत, एकेक ओळखते थे. हाती नवा छापेल कागद नसला तं माहं आयकनार नाई.”