आहेराची बंदूक

छगनमामांनी गावाकडे स्वतःच्या हातांनी घडवलेली बंदूक गजेंद्रला लग्नात आहेर म्हणून दिली. बंदुकीवर नाव-नंबर नसणं हा गुन्हा असतो, असं बमरोलीच्या मिलमध्ये कामावर असताना कानावर आलं, तेव्हा स्वतःला अर्धा वकील समजणाऱ्या गजेंद्रने ती थेट भांडीवाल्याकडे नेली. "आहेराच्या भांड्यांवर घालतोस, तसंच नाव घाल," म्हणाला.

तरी बायकोने ती पोलिसांत जमा करायला लावलीच. ठाण्यात साहेबांनी विचारलं, "कोणी बनवली?" मामा अडकायला नकोत, म्हणून गजेंद्र आपल्याच हुशारीवर खूश होत म्हणाला, "काय माहीत साहेब, खाडीकाठी सापडली."

साहेबांनी चष्मा लावून नळीवरचं सावकाश वाचलं, "चि. गजेंद्र यास लग्नानिमित्त छगनमामांकडून सप्रेम भेट."

 

मग कागद पुढे ओढत म्हणाले, "बोला भाई, तुमचं नाव?"