दोनदा आलेला टँकर

ऐन दुष्काळात पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या ठरवणारा सर्व्हर अपग्रेड करायचा होता. चारुतानं त्याचं काम बॅकअप सर्व्हरवर सोपवलं, पण मूळ सर्व्हर थांबवायलाच ती विसरली. दोन्ही सर्व्हरनी फेऱ्या लावल्या आणि मुकुंदवाडीच्या गल्लीगल्लीत टँकर दोन-दोनदा गेले. चूक कळल्यावर ‘म्हणे सीनिअर इंजिनिअर!’ असा स्वतःलाच टोमणा मारत तिनं मूळ सर्व्हर बंद केला.

दुसऱ्या दिवशी टँकर ठरल्याप्रमाणं एकदाच गेला. लगेच मुकुंदवाडीहून केसरबाईंचा फोन आला.

“मॅडम, काल कुठं तुमचं मशीन नीट चालाया लागलं होतं, आज बिघडलं व्हय?”

“व्हय मावशी,” चारुता म्हणाली, “मीच बिघडवलं.”