नखांतला निळा रंग

अंडी उकडून तयार होती, फक्त आईच तयार नव्हती. दिवसभर लाँड्रीत उभ्याने इस्त्री करून तिच्या पायांचे तुकडे पडले होते. तरी तिने टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरली, तीन कपांत गरम पाणी आणि व्हिनेगर ओतलं, त्यात रंग कालवले. लाल, पिवळा, हिरवा. ईस्टरची अंडी दरवर्षी याच टेबलावर रंगायची. मुलांचे बाबा वेगळे राहू लागल्यापासून सगळ्याच गोष्टींची वाटणी झाली होती. सुट्ट्या वाटून झाल्या, रविवार वाटून झाले, वाढदिवससुद्धा. अंडी तेवढी तिच्या वाट्याला राहिली होती आणि ती तिला कुणालाही द्यायची नव्हती.

"चला, या रे! कोण आधी?" तिने उसनं अवसान आणून हाक मारली.

मुलं मुकाट्याने आली. हे नवलच होतं, कारण एरवी लाल कपावरून घर डोक्यावर घ्यायची.

"अय्या, अंडी!" मुलगी म्हणाली. "छोट्या, बघ, अंडी!"

"वा," छोट्या म्हणाला आणि त्याला भलीमोठी जांभई आली. ताईने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

दोन दिवस बाबांकडे राहून आजच आलीत, दमली असतील बिचारी, असं आईला वाटलं. दमलेली तर तीही होती. पण हे चुकवलं असतं तर मुलांचा हिरमोड झाला असता.

छोट्याने एक अंडं घेतलं, त्यावर पांढऱ्या मेणाच्या खडूने काहीतरी गिरवलं आणि ते हिरव्या कपात सोडलं. थोड्या वेळाने चमच्याने बाहेर काढलं, तर हिरव्या अंड्यावर पांढरा मासा उमटलेला. आई बघतच राहिली. या घरात अंडी आधी बुडवायची आणि मग वर ब्रशने काहीबाही फासायचं, एवढीच कला होती.

"हे रे कुठे शिकलास?"

छोट्याने ताईकडे पाहिलं.

"शाळेत," ताई म्हणाली. "चित्रकलेच्या तासाला. सगळ्यांनाच शिकवलं."

मग पिवळा कप कलंडला आणि छोट्याचे हात मनगटापर्यंत रंगले. आईने त्याला बेसिनपाशी नेलं, साबण लावला. पिवळा गेला, हिरवाही गेला. नखांच्या कडांना मात्र निळा रंग राहिला. तिने पुन्हा घासलं. निळा हलेना. मग ताई हात धुवायला आली. तिच्याही नखांत तोच.

निळा रंग घरात नव्हताच.

लाँड्रीत गिऱ्हाईक डाग पुढे करून "आत्ताच सांडलं हो" म्हणतं, तेव्हा तो कालचा आहे हे तिला बघताक्षणी कळतं. हाही कालचा होता. तिच्या डोक्यात सणक गेली. एवढी एक गोष्टही त्या माणसाला सोडवली नाही! ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिचं मुलीकडे लक्ष गेलं. पोर श्वास रोखून उभी होती, आणि नखं तिने मुठीत लपवली होती.

"जात नाहीये का गं, आई?" छोट्याने विचारलं.

"नाही रे," आई म्हणाली. "तुमच्या शाळेतला रंग फारच पक्का दिसतोय."

मुलीने श्वास सोडला.

निम्मी अंडी अजून पांढरीच होती. आईने कप उचलायला घेतले. "राहू देत आता ती. उद्या नुसतीच खाऊ."

"नको ना, आई. सगळी करू या ना," मुलगी म्हणाली. निघालेल्या पाहुण्यांना आपण "बसा ना अजून" म्हणतो, तशी. छोट्या तर केव्हाच खुर्चीवरून उतरला होता.

दोघं आतल्या खोलीत गेली. आईने माशाचं अंडं पुसून वाडग्यात सगळ्यांच्या वर ठेवलं. छान जमला होता मासा. मग नळ सोडून ती कप धुऊ लागली. आतलं बोलणं पाण्याच्या आवाजातून तुटक तुटक ऐकू येत होतं.

"आईला कळलं नाही ना?"

"नाही. पण केवढ्याने जांभई देतोस!"

"दोन दोनदा करून कंटाळा येतो गं, ताई. पुढच्या वर्षी एकाच घरी करू या?"

"कुणाच्या?"

आईने नळ बंद केला.