कशालाच न बांधलेली खोली

"तिसरा मजला घेतला की जिना बाहेरूनच येणार. आतून म्हटलं तर संगणक घेऊच देत नाही," विदोसावा म्हणाली आणि पडद्यावरचं घर तिने म्हाताऱ्याच्या बाजूला वळवलं.

म्हातारा रादोये टोपी गुडघ्यावर ठेवून बघत राहिला. बाहेरच्या जिन्याला त्याची हरकत नव्हती. दोन सुना एका जिन्यावर नांदत नाहीत, एवढं त्याला ठाऊक होतं.

सर्बियातल्या उझित्से गावच्या त्या छोट्या कंपनीत घरं कारखान्यात तयार होत, आणि गिऱ्हाईक ती आधी संगणकावर जोडून बघे. छप्पर, गच्ची, तळघर, जे हवं त्यावर खूण करायची. विदोसावाचं काम या खुणा एकमेकींना बांधायचं. चूल घेतली की धुराडं आलंच. वर मजला चढवला की खालचे खांब जाड झालेच. तळघर काढलं की त्याचा जिना न सांगता जायला हवा, नाहीतर कुणीतरी थेट मातीत उतरणारा जिना विकत घेऊन बसायचा. हे काम ती चोख करायची आणि त्यात कुणाची लुडबुड तिला खपत नसे.

शेजारच्या टेबलावरचा ओग्न्येन तिला तिच्या नावावरून सारखा छेडायचा. पस्तिशीतल्या बाईचं नाव विदोसावा? हे नाव ऐकलं की काळा रुमाल बांधून दुधावरची साय काढणारी आजीच डोळ्यांपुढे येते, असं तो म्हणे. कुणी ठेवलं म्हणून विचारलं, की ती म्हणायची, "एका हट्टी माणसाने." विषय तिथेच संपायचा.

म्हातारा पहिल्यांदा आला तेव्हा दारावरची तिच्या नावाची पाटी बराच वेळ वाचत उभा होता. चष्मा विसरला असेल, असं ओग्न्येनला वाटलं. विदोसावाने त्याला खुर्ची दिली, बिनसाखरेची कॉफी पुढे ठेवली आणि काय हवंय ते विचारलं. त्याचं जुनं घर दरडीत गेलं होतं. नवं हवं होतं, तीन मजली. तळमजला स्वतःला, मधला थोरल्याला, वरचा धाकट्याला. आमच्याकडे बाप घर बांधतो ते असंच, मुलगे जगात कुठेही असोत. याचा थोरला व्हिएन्नात ट्रक चालवत होता, धाकटा स्वीडनला होता.

साहेबांनी जागा बघायला माणूस पाठवायचं काढलं, तेव्हा विदोसावा म्हणाली, काही गरज नाही, म्हातारा सगळं नीट सांगतोय.

खरं तर असली घरं तिला बघवत नसत. डोंगरावर जागोजागी ती उभी होती. वरच्या मजल्यांना खिडक्याच बसवलेल्या नाहीत, आणि खाली एकटा जीव चूल पेटवून बसलेला. तिला त्यांची चीड यायची आणि कीवही.

"मुलगी?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"एक आहे. तिने सही दिली नाही."

कुठली सही, हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. बहिणीने आपला वाटा भावांना सोडायचा, नोटरीपुढे सही करायची, आणि मग माहेरी ताठ मानेने कॉफीला यायचं.

"म्हणजे तिच्यासाठी काही नको," विदोसावा म्हणाली. म्हाताऱ्याने कॉफीचा कप उचलला, आणि तिने पुढची खूण केली.

आज तो मुलांना फोन करून आला होता. थोरला म्हणाला, बांधा तर खरं, मग बघू. धाकट्याने एवढंच विचारलं, की नंतर विकता येईल ना. हे सांगताना रादोये टोपीची कड चाचपत होता.

"बाई, ते दोन मजले काढून बघा जरा."

तिने दोन खुणा पुसल्या. मजले गेले. पाठोपाठ बाहेरचा जिना गेला, खांब बारीक झाले, छप्पर खाली आलं. उरलं एक बुटकं घर.

"एवढं सगळं गेलं?"

"त्यांच्यासाठीच होतं ते."

आता हा उठणार, असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. इथे एक खोली हवी. खिडकी आलुबुखाराच्या झाडांकडे. टेबल असं, की उजेड डावीकडून यावा, म्हणजे रेघ मारताना हाताची सावली पडत नाही. विदोसावाने खोली जोडली. तिची बोटं नेहमीपेक्षा हळू चालत होती.

"ही काढली तर काय काय जाईल?"

"काहीच नाही. ती कशालाच बांधलेली नाही."

"मग बांधा."

"कशाला?"

"सगळ्याला. ही काढली तर घर राहता कामा नये."

असा नियम नसतो, तिने समजावलं. घर पायावर उभं असतं, खोलीवर नाही. म्हातारा म्हणाला, त्याने आजवर सगळं नियमानेच केलं होतं, आणि दरड यायच्या कितीतरी आधी घर रिकामं झालं होतं.

ओग्न्येनने मान वर केली. आता ही म्हाताऱ्याला वाटेला लावणार, अशी त्याची खात्री होती. पण विदोसावाने नियम लिहिला. बरोबर बसला का बघायला तिने खोलीवरची खूण पुसली, तसा पडदा कोरा झाला. खूण पुन्हा केली आणि घर पायापासून छपरापर्यंत उभं राहिलं.

"खोलीला नाव द्यावं लागतं," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "काय लिहू?"

रादोयेने थंड झालेली कॉफी संपवली.

"तुझंच लिही," तो म्हणाला. "माझ्या आईचं आहे. सगळे नको म्हणत होते, मीच हट्टाने ठेवलं."